पुढचा ब्रेक

४ जानेवारी

चि. छर्रा,

बाबा गेले. तीन आठवडे झाले. तार करायला हवी होती असं तुझी वहिनी म्हणत होती. तू तिला पाहिलेलं नाहीस आणि तिने तुला पाहिलेलं नाही, त्यामुळे तिला तुझा पुळका येतो. मी तार केली नाही. तू वेळेवर पोचला नसतास, आणि पोचला असतास तर जास्तच पंचाईत झाली असती.

त्रास फार झाला नाही त्यांना. सकाळी एका वाकड्या चाकाचा आउट काढत बसले होते, एकेक आरा आवळत. मी दोनदा चहाला हाक मारली. तिसऱ्यांदा बघायला गेलो तर आरे आवळायची चावी हातात तशीच होती. चाक अजून फिरत होतं, असं मी भेटायला येणाऱ्यांना सांगतो. त्यांना ते ऐकायला बरं वाटतं. खरं तर ते थांबलेलं होतं.

तू फोनवर माझा आवाज ऐकलास की ठेवून देतोस, म्हणून हा कागद. बाबांच्या टेबलाच्या खालच्या खणात त्यांच्या हातची एक चिठ्ठी सापडली. सहीसकट. दुकान आणि वरच्या खोल्या थोरल्याला. आणि पुढच्या ओळीत, ‘सायकल धाकट्याला.’

कोणती सायकल ते लिहायची त्यांना गरज वाटली नाही. खाली दुकानात तीसेक सायकली असतात, पण त्या गिऱ्हाइकांच्या. घरची एकच. आईची. माळ्यावर बावीस वर्षं गोणपाटाखाली पडलेली. म्हणजे तुझ्या तोंडाला बाबांनी जाता जाता व्यवस्थित पानं पुसली. मला हसू आलं हे लपवत नाही.

आता प्रश्न असा, की या इस्टेटीचं करायचं काय? भंगारवाला दर गुरुवारी येतो. म्हणशील तर देऊन टाकतो. नाहीतर दुरुस्त करायची. पण बावीस वर्षं पडलेल्या सायकलचं काय काय राहिलेलं असतं हे तुला मी सांगायला नको. टायर-ट्यूब गेल्या असणार, चेन म्हणजे गंजाची काठी झाली असणार, बेअरिंगचे छर्रे, तुझ्या नावाचे, अडकले असणार. रंगाचं तर विचारूच नकोस. एवढं सगळं बदलायचं म्हणजे जुन्या घंटीला नवी सायकल जोडण्यासारखं आहे.

आणि दुरुस्त करून ती चालवणार कोण? आई तर नाही. तुला आठवत असेलच, तरी लिहितो, कारण माणूस सोयीचं तेवढं लक्षात ठेवतो. शनिवारी सकाळी तू तिच्या दोन्ही ब्रेकना नवी रबरं घातलीस. रविवारी सकाळी आई औषधांची पिशवी अडकवून पुलाकडच्या पेशंटला इंजेक्शन द्यायला निघाली. उतारावर तिने पुढचा ब्रेक दाबला, रबर निसटून रस्त्यावर पडलं आणि ती गोदामाच्या भिंतीवर गेली. खुब्याचे तीन तुकडे. सगळ्या गल्लीच्या जखमा बांधणारी नर्स, चाळिशीत पलंगावर. संध्याकाळी बाबांनी तुला कपडे भरायला सांगितले. तू म्हणत होतास, मी नीट बसवलं होतं, दाबून पाहिलं होतं. बाबा म्हणाले, बसवलं असतं तर निसटलं कसं.

आई आता दहा पावलं चालते, तीही चौपायी काठी धरून. तिचं म्हणणं बदललेलं नाही. चूक झाली एवढं कबूल कर आणि ये, असं ती बावीस वर्षं म्हणतेय. चार शब्दांचं काम आहे. पण तुझा ताठा मोठा.

सायकलचं काय ते कळव. दुकान उघडायची वेळ झाली.

दादा


१९ जानेवारी

चि. छर्रा,

तुझं पत्र मिळालं. बाबांबद्दल दोन ओळी आणि सायकलबद्दल दोन पानं. तुझी माया कुठे आहे ते समजलं.

‘सायकलला हात लावू नकोस, भंगारात देऊ नकोस, दुरुस्तही करू नकोस, मी येऊन बघीन.’ बरं. आणि तोवर मी तिला ओवाळत बसू का? माळा माझ्या घराचा आहे आता.

तू विचारलंस, पुढच्या ब्रेकच्या खोबणीची बंद बाजू कुठल्या दिशेला आहे तेवढं बघून कळव. हा प्रश्न तू बावीस वर्षं घोळवत बसला होतास वाटतं. मी तुझ्या लेकीला समजेल असं लिहितो, म्हणजे तिने हे पत्र वाचलं तर तिलाही कळेल तिचा बाप कशाने झपाटलाय ते. ब्रेकचं रबर पत्र्याच्या एका खोबणीत सरकवतात. ती एका टोकाला बंद असते, दुसऱ्या टोकाला उघडी. बंद टोक पुढे असलं की चाक रबराला कितीही ओढो, रबर जागा सोडत नाही. उलटी बसली की पहिल्याच जोरात रबर बाहेर. बस, एवढंच शास्त्र आहे.

त्यासाठी बाबांनी आपल्या दोघांना एक मंत्र शिकवला होता. चेन आपल्याकडे, बंद बाजू उजव्या हाताला. डोळे झाकून केलं तरी चुकत नाही. अट एवढीच, की सायकल आपल्या चाकांवर उभी पाहिजे, किंवा हुकाला सरळ टांगलेली. सीटवर उलटी केली की पुढचं डाव्या हाताला येतं आणि मंत्र उलटा पडतो. म्हणून तर ते सायकल उलटी करू देत नसत. शीर्षासन माणसाने करावं, सायकलने नाही, म्हणायचे. आणि म्हणायचे माझ्याकडे बघून, कारण माझी पाठ विशीतच गेली होती आणि वाकायचं टाळायला मी ते हटकून करायचो. तू त्यांचा लाडका शिष्य, सगळं हुकाला टांगून करायचास. मी अजूनही उलटी करतो. आता बोलणारं कोणी नाही.

तुझ्या डोक्यात काय शिजतंय ते मला कळत नाही असं समजू नकोस. तुला म्हणायचंय की खोबण उलटी निघाली तर ती तुझ्या हातची नाही. पण शनिवारी दुसऱ्या कोणी त्या सायकलला हात लावला होता का? तसं कोणी कधी म्हटलंय? मी तर म्हटलेलं नाही.

बघीन वेळ मिळाल्यावर. माळ्याची शिडी मला चढवत नाही.

दादा


३० जानेवारी

चि. छर्रा,

तू आईच्या नावाने वेगळं पाकीट पाठवलंस. हुशारी केलीस. फक्त एक गोष्ट तुला कोणी सांगितली नव्हती. तिला आता डोळ्यांनी अक्षर दिसत नाही. उजेड-अंधार कळतो, दारात माणूस उभा आहे हे कळतं, बाकी सगळं कानांवर आणि हातांवर. तिची पत्रं मीच वाचून दाखवतो.

तुझं पत्रही मीच वाचलं. जेवढं तिला झेपेल तेवढं. तुझी लेक शाळेत पहिली आली, तिला घोटा मुरगळलेल्या मांजरीला पट्टी बांधायचा नाद आहे, हे वाचलं. आई खूप हसली, म्हणाली, माझ्यावर गेली. तुझ्या बायकोच्या तब्येतीचं वाचलं. ‘आई, पुढच्या ब्रेकवरून एकदा बोट फिरवून बघ, बंद बाजू कुठे आहे ते तुझं बोटच तुला सांगेल,’ हे नाही वाचलं. मधेच थांबलो तर ती म्हणाली, संपलं का. मी म्हटलं, संपलं. तिने कागद हातात घेतला, दोन्ही पानं चाचपली आणि म्हणाली, बरंच लिहिलेलं लागतंय की. मी म्हटलं, अक्षर मोठं आहे त्याचं.

हे तुला सांगायची गरज नव्हती. पण मला तुझ्याशी खोटं बोलायचा कंटाळा येतो.

तू विचार कर, बावीस वर्षं या घरात कोण आहे. तिला कुशीवर कोणी वळवलं, भांडं कोणी दिलं, दोन ऑपरेशनं कोणी केली तिच्याबरोबर, रात्र न् दिवस. मला मूल नाही, तुला माहीत नसेल. झालं असतं तर तिच्याकडे बघणार कोण, असं आम्ही म्हणत राहिलो आणि वय निघून गेलं. ती माझ्याच हातून जेवते. आल्यागेल्याला सांगते, एकाने पाडलं आणि एकाने उचललं. हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेल. त्यातला दुसरा मी आहे. माझ्याजवळ एवढंच आहे.

डॉक्टर येऊन गेले. हृदय खूप थकलंय. म्हणाले, आनंदाचा असो की दुःखाचा, मोठा धक्का द्यायचा नाही. किती दिवस, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

तुझ्या पत्राचा एक परिणाम मात्र झाला. सायकल माळ्यावरून खाली आण म्हणाली. एकदा हात फिरवायचाय तिच्यावर. मी म्हटलं, गंजलीये ग, हाताला लागेल. तर म्हणाली, मग नीट कर. सायकलच्या दुकानात राहतो ना आपण?

दादा


८ फेब्रुवारी

चि. छर्रा,

आज माळ्यावर गेलो होतो.

सायकल पाहिली. अवस्था फार वाईट आहे. गोणपाट फ्रेमला चिकटून बसलंय. मागच्या चाकाचे आरे हात लावताच मोडले. सीटचं चामडं उंदरांनी खाल्लंय.

पाठ धरली आहे, जास्त लिहवत नाही.

दादा


१७ फेब्रुवारी

चि. छर्रा,

तुझी तार आली. ‘हात लावू नकोस, दहा मार्चच्या विमानाने येतो.’ एवढ्या वर्षांत पहिली तार, आणि ती कोणासाठी? बाबा गेले तेव्हा तू कागदावर आलास. सायकलसाठी विमानाने येतोयस.

तुला उशीर झाला आहे. सायकल खाली आली. आधी मी दोन दिवस ती कोपऱ्यात तशीच ठेवली आणि ठरवत बसलो. तू मला दगड समजतोस, पण मी ठरवत बसलो होतो. जेवताना, गिऱ्हाइकाची हवा भरताना, आईच्या पायाला तेल लावताना. तशीच ठेवावी, की नवी करावी? तशीच ठेवली तर दोनच वाटा. आईने हात फिरवायचा, नाहीतर तू येऊन बघायचं. नवी केली तर एक म्हातारी बाई खूश होणार. तूच सांग, चांगला मुलगा काय करेल?

तिसऱ्या दिवशी शेजारचा वेल्डर आला. बाबांसारखाच कंबरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, याला हात लावण्यात अर्थ नाही, हे तसंच ठेवा आठवण म्हणून. माणसं फुकटची मतं फार देतात. मी त्याच्यासमोरच पाना घेतला आणि हँडलचा नट सोडवला. एकदा सुरुवात केली की बरं असतं. पुढचं हात करतात.

काल फ्रेम घासून पांढरी केली. उद्या रंग. तोच काळा. आई रोज विचारते, कुठवर आलं. मी सांगतो, आज छर्रे धुतले, आज फ्रीव्हील सोडवलं. ती पलंगावर पडल्या पडल्या बोटांनी हवेत घंटी वाजवते. तुला वाईट वाटावं म्हणून नाही लिहिलं हे. खरंच वाजवते.

तुझी वहिनी काल मला म्हणाली, त्यांनी नको म्हटलं होतं ना, सायकल त्यांची आहे ना. मी म्हटलं, तू दुकानात बोलू नकोस. संध्याकाळी ती ताट वाढून ठेवून आत निघून गेली. आमच्या घरात तुझ्यावरून भांडण होण्याची ही पहिलीच वेळ. अभिनंदन.

जुन्या सुट्या भागांचं काय करू, असं तू आता विचारशील. गुरुवार परवा आहे.

दादा


२ मार्च

चि. छर्रा,

सायकल झाली. बाबांनी पाहिली असती तर चुका काढल्या असत्या, पण कमी. काळा रंग दोन हात. चेन, टायर, ट्यूब, मागचं चाक, सीट, दोन्ही ब्रेक, सगळं नवं. जुनं फक्त फ्रेम, हँडल, पुढचं चाक आणि घंटी. घंटी उघडून तेल दिलं, तर अशी वाजली की पलंगावरून आईने हाक मारली.

आणि ऐक, सगळं काम मी बाबांच्या हुकाला टांगून केलं. सरळ. एकदाही उलटी केली नाही. पाठीची वाट लागली, दोन दिवस सरपटत होतो. पण या कामात मला चुकून चालणार नव्हतं.

परवा आम्ही आईला खुर्चीसकट खाली आणलं. सायकल तिच्यासमोर धरली. तिने हँडलपासून सुरुवात केली. मुठी, घंटी, मग सीट, मग औषधांची पिशवी अडकवायची ती कडी. ती मी जुन्यासारखी वाकवून घेतली होती, ती सापडल्यावर तिचे डोळे भरून आले. मग हात खाली गेला आणि तिने पुढच्या ब्रेकवरून बोट फिरवलं. तिला काही बघायचं नव्हतं, सहजच.

ती म्हणाली, “त्या दिवशी हे एवढंसं रबर जागेवर राहिलं असतं तर.”

तुझी वहिनी माझ्याकडे बघत होती.

“त्याला लिही,” आई म्हणाली. “मी त्याला माफ केलं म्हणावं. कबूल नाही केलं तरी चालेल. आता किती दिवस धरून ठेवू?”

मी म्हटलं, लिहितो. ती मला म्हणाली, तू जवळ होतास म्हणून मी जगले. माझा हात घेऊन गालाला लावला.

आता उरलेलं. हे मला लिहायचं नव्हतं. पुरावा गेला म्हणून लिहायचं धाडस आलं, असं समज. नाहीतर एकट्याला पेलवेना म्हणून लिहिलं, असं समज. दोन्ही खरं आहे.

शनिवारी दुपारी, तू आंघोळीला गेल्यावर, मी आईच्या सायकलचं पुढचं चाक बसलेलं पाहिलं. पंक्चर काढायला सायकल उलटी केली. टायर अडकत होता म्हणून ब्रेकच्या दोन्ही खोबणी सोडवल्या आणि पुन्हा बसवल्या. चेन माझ्याकडे, बंद बाजू उजव्या हाताला. दहा मिनिटांचं काम. आईचं काम आपणहून केलं म्हणून मला बरं वाटलं होतं. कोणाला सांगायचं राहून गेलं. आणि रविवारी सांगायचं राहिलं नाही, मी सांगितलं नाही.

माझा बावीस वर्षं असा समज होता की हे मी एकटा जाणतो. मग तो माळा. सगळी सायकल गंजाने खाल्लेली, उंदरांनी कुरतडलेली, आणि पुढच्या ब्रेकवर फडकं गुंडाळलेलं. दोरीने बाबांची ती दुहेरी गाठ मारलेली. फडकं तेलाने ओलं होतं, छर्रा. बावीस वर्षांपूर्वीचं तेल ओलं राहत नाही. ते वर जात होते. या वयात, त्या शिडीवरून, मी बाजारात गेलो की. सोडून पाहिलं तर आतल्या दोन्ही खोबणी चकचकीत, आजच बसवल्यासारख्या. बंद बाजू मागे.

त्यांनी त्याच संध्याकाळी ओळखलं होतं. आठव, सायकल खांद्यावरून आणली, शटर ओढून घेतलं आणि अर्धा तास आत एकटे होते. बाहेर आले तेव्हा आधी माझ्याकडे बघितलं. खूप वेळ. मग तुझ्याकडे वळून म्हणाले, कपडे भर. तू सायकल कधी उलटी करत नाहीस हे त्यांच्याहून जास्त कोणाला माहीत होतं?

त्यांना दोघांतला एक ठेवायचा होता. कदाचित त्यांनी हिशेब केला असेल, की तुझा हात चांगला, तू कुठेही पोट भरशील, आणि मला बाहेर काढलं तर मी संपलो. किंवा मी त्यांना जास्त आवडत असेन. मी दुसरं धरून चाललोय. तुला हवं ते तू घे. पण एवढं पक्कं घे, की त्यांना माहीत होतं, आणि तरीही त्यांनी तुलाच काढलं. तू इतकी वर्षं त्यांची समजूत घालायची म्हणून पुरावा शोधत होतास. त्यांची समजूत पहिल्या दिवसापासून पटलेली होती.

चिठ्ठीतलेही दोन शब्द मी तुला कळवले नव्हते. ‘सायकल धाकट्याला. तशीच द्यावी.’

तशीच नाही देता आली. दोन्ही खोबणी गुरुवारी माझ्या हाताने भंगारवाल्याच्या पोत्यात टाकल्या. फडक्याने चेन पुसली.

आता हे पत्र तुझ्या हातात आहे. माझ्या अक्षरात, माझ्या सहीने. दहा तारखेला येताना बरोबर आण. हवं तर आईच्या पलंगाशी बसून वाचून दाखव, तुझं ती ऐकेल. जो तिला बावीस वर्षं भरवतोय त्यानेच तिला मोडलं, हे तिला सांग. डॉक्टर काय म्हणाले ते मी तीस जानेवारीला लिहिलंय, पुन्हा लिहीत नाही. तुझी सुटका होईल आणि बहुतेक त्याच दिवशी तिचीही.

पण तू वाचून दाखवणार नाहीस. मला ते माहीत आहे आणि बाबांनाही माहीत होतं. तू असा आहेस म्हणून तर तुला काढता आलं.

सायकल दाराशी उभी करून ठेवतो. आल्यावर घंटी वाजव, म्हणजे तिला कळेल. मग वर जा आणि तिच्या पायांशी बस. माफी मागायची नाही, ती देऊन झाली आहे. तू फक्त घ्यायची.

दादा